चौघांचा डाव, एकटा भिडू

एक दादरचा, एक डोंबिवलीचा, तिसऱ्याची रात्रपाळी, चौथ्याची परीक्षा. रात्री साडेदहाला बीजीएमआयचा, म्हणजे 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या मोबाइलवरच्या लढाईच्या गेमचा स्क्वाड (चौघांचा संघ) जमवायचा आहे. प्रत्येक जण मोकळा असण्याची शक्यता 60 टक्के धरली, तर चौघेही एकाच वेळी हजर असण्याची शक्यता 0.6 चा चौथा घात, म्हणजे जेमतेम 13 टक्के. आठवड्यात एक रात्रही धड पदरात पडत नाही. ऑनलाइन गेममध्ये एकट्याने खेळणारे माणूसघाणे असतात हा समज म्हणूनच चुकीचा आहे. आधी हा गुणाकार पाहावा, स्वभावाचं नंतर बघू.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा ऑनलाइन गेम 2004 मध्ये आला तेव्हा मोठ्या मोहिमांना 40 जण लागत. चाळिसांत जोड्या होतात 780, आणि रुसवेफुगवे, उशीर, गैरसमज यांतल्या कुठल्याही जोडीत होऊ शकतात. 2007 मध्ये मोठ्या मोहिमा 25 जणांच्या केल्या, जोड्या 300 वर आल्या.

याच गेमवर निकोला दुशनो, निक यी आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. बराचसा वेळ खेळाडू गटाबाहेरच असतात, असं त्यांना दिसलं. मग इतरांचा उपयोग काय? ते प्रेक्षक असतात, आजूबाजूची वर्दळ असतात. विरार लोकलमध्ये तासभर कोणाशी चकार शब्द न बोलणाऱ्यालाही रिकामा डबा नकोसा वाटतो, तसंच हे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी 1965 मध्ये मांडलं होतं की इतरांच्या नुसत्या उपस्थितीने हातात बसलेलं काम सुधारतं, नवं काम मात्र बिघडतं. तेव्हा गेममधली नवी बंदूक आधी सरावाच्या ट्रेनिंग ग्राउंडवर हाताळावी, भर सामन्यात नको.

गेम बनवणाऱ्यांपुढचा पेच खरा अवघड आहे. शत्रूची ताकद चौथाई केली की काम भागलं, असं होत नाही. गटात एक जण मार झेलतो, एक जखमा भरतो, बाकीचे हल्ला करतात. एकट्याकडे ही तिन्ही कामं येतात. दार उघडायला दोन टोकांची दोन बटणं एकदम दाबायची असतील, तर शत्रू कितीही दुबळा असो, दार उघडणार नाही. म्हणून 'फायनल फँटसी 14' या ऑनलाइन गेमने 2019 मध्ये संगणकाने चालवलेले सोबती दिले. वॉरक्राफ्टनेही जानेवारी 2024 मध्ये पाच जणांच्या काही मोहिमांत तशी सोय केली: एक माणूस, चार सोबती. हे सोबती चिडत नाहीत, मध्येच जेवायला उठत नाहीत. नवख्याला वाट शिकायला याहून चांगली सोय नाही.

बीजीएमआयमध्ये स्क्वाड निवडून आपोआप भिडू जोडण्याचा पर्याय बंद केला, की एकट्याला चौघांच्या संघांविरुद्ध उतरता येतं. इथे नियम एकट्याच्या बाजूचे नसतात. समोरचा नॉक झाला, म्हणजे जखमी होऊन खाली पडला, तर त्याचा साथीदार त्याला साधारण 10 सेकंदांत उठवतो. आपण पडलो की खेळ संपला, कारण उठवणारं कोणी नाही. एकाला पाडल्यावर लगेच त्याच्याकडे धावणं ही नेहमीची चूक. आधी जागा बदलावी, कारण गोळीच्या आवाजावरून उरलेल्या तिघांना आपला ठावठिकाणा कळलेला असतो. मग पडलेल्यावर नजर ठेवावी. त्याला उठवणारा त्या 10 सेकंदांत जागचा हलू शकत नाही. ग्रेनेड तेव्हाच टाकावा.

चौघांच्या आठ कानांचं काम इथे दोनच कानांवर असतं. साध्या ब्लूटूथ इअरफोनमध्ये आवाज 100 ते 200 मिलिसेकंद, कधी त्याहूनही उशिरा पोहोचतो. तेवढ्यात पावलं जिन्यावरून दारात आलेली असतात. वायरवाला इअरफोन लावावा. आणि रँक (क्रमवारी) ठरवणारा सामना धावत्या लोकलमध्ये सुरू करू नये: फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर जाताना पिंग, म्हणजे गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला संदेशाला लागणारा वेळ, उसळतो, आणि तेवढा वेळ सांभाळून घेणारा भिडू शेजारी नसतो.