चंद्रपूर-वणीचे ओबीचे डोंगर

वरोऱ्याची इंग्रजी अमदानीतली खाण आणि बल्लारपूरच्या जुन्या भुयारी खाणी इथे नोंदीपुरत्याच. कोळसा खाणींतून उपसलेल्या मातीच्या ढिगांचा आजचा वाद सुरू होतो तो १९७३च्या राष्ट्रीयीकरणानंतर, कंपनी भुयारांकडून खुल्या खाणींकडे वळली तिथून. नागपुरात मुख्यालय असलेली ही सरकारी कंपनी, वेस्टर्न कोलफिल्ड्स, १९७५ची. दहा वर्षांनी तिचा पूर्वेकडचा, मुख्यतः आताच्या छत्तीसगडातला भरघोस भाग काढून वेगळी कंपनी झाली. राहिलेल्या वाट्यात कोळसा कमी आणि त्यावरची माती फार. तोट्याच्या वर्षांमागचं हे एक कारण, टीकाकारांनीही मान्य करावं असं.

ही माती म्हणजे ओबी, ‘ओव्हरबर्डन’चं लघुरूप. कागदावर तिला अधिभार म्हणतात, गावात कुणी म्हणत नाही. एक टन कोळशासाठी सरासरी चार घनमीटरांहून जास्त ओबी उपसावी लागते. ती टाकायची कुठे? खोदून झालेल्या खड्ड्यात टाकली तर आतला ढीग, जागा नसेल तर बाहेरचा. बाहेरचा ढीग पुढे उचलून खड्ड्यात भरायचा, असं मंजुरीच्या अटींत बहुधा असतं. म्हणून कागदावर तो ‘तात्पुरता’. सगळं भांडण या एका शब्दाचं आहे. खाण वीस-पंचवीस वर्षं चालते, तिची मुदत वाढते, शेजारी विस्तार मंजूर होतो आणि उचलण्याची तारीख पुढे सरकते. ज्याच्या शेताच्या बांधाला ढीग येऊन टेकला, त्याची एक पिढी त्या तात्पुरत्याखाली जाते. दुसरं असं की उपसताना वरची काळी माती वेगळी राखली नाही तर ती ढिगात सगळ्यात खाली जाते आणि वर उरतो मुरूम आणि चिकणमाती. कापसाचं रान अक्षरशः उलटं होतं.

२००९मध्ये केंद्राने खाणबंदीचे नियम आणले. खुल्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख आणि भुयारीसाठी १ लाख रुपये या तेव्हाच्या हिशेबाने पैसे एस्क्रो खात्यात, म्हणजे अटी पाळल्यावरच काढता येणाऱ्या खात्यात, बाजूला ठेवायचे. नियम चांगला, पण २००९पूर्वीच सोडून दिलेल्या खाणींचे ढीग त्याआधीचेच. त्याच वर्षीच्या प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात सर्वाधिक प्रदूषितांमध्ये चौथं आलं आणि जानेवारी २०१०मध्ये नव्या उद्योगांवर तात्पुरती बंदी लागली. अर्थात त्यात औष्णिक वीज केंद्राचा वाटाही मोठा. सगळी धूळ खाणीच्या माथी मारता येत नाही.

इरई नदीला पूर आला की बोट काठच्या ढिगांकडेच जातं. जुन्या ढिगांवर वेडी बाभूळ माजली आहे, आणि चंद्रपूरजवळच्या दुर्गापूरच्या वस्तीत बिबट्या आला की लोक आधी तिकडे पाहतात.

गेल्या दशकात कंपनीने सूर बदलला. ओबीतून वाळू वेगळी काढून घरकुलांना दिली, खाणीचं पाणी शुद्ध करून बाटलीत भरलं, सावनेरकडे खाण पर्यटन सुरू केलं. वाळूची कल्पना खरोखर हुशारीची आहे. पण २०२३-२४मध्ये उत्पादन ६९ दशलक्ष टनांवर गेलं, आणि टनाला चार घनमीटरांच्या हिशेबाने त्या एका वर्षाची ओबी २७ कोटी घनमीटरांच्या वर जाते.