कॅट आणि एमबीए सीईटी: परीक्षा दोन, दाखल्यांचे संचही दोन

एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास मुलं वर्षभर आधी सुरू करतात, पण दाखल्यांची आठवण होते ती अर्ज सुरू झाल्यावर. महाराष्ट्रातले बरेच विद्यार्थी आयआयएमसाठी कॅट आणि राज्यातल्या महाविद्यालयांसाठी एमबीए सीईटी असे दोन्ही अर्ज भरतात. एकाच आरक्षणासाठी या दोन ठिकाणी वेगवेगळे दाखले लागतात, हे कळेपर्यंत अनेकदा मुदत संपत आलेली असते.

पात्रता

दोन्ही परीक्षांना किमान तीन वर्षांची पदवी आणि त्यात एकूण ५० टक्के गुण लागतात. शेवटच्या वर्षाला असलेलेही अर्ज करू शकतात. फरक आहे तो सवलतीत. कॅटला ४५ टक्क्यांची सवलत फक्त अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि दिव्यांगांना आहे. सीईटीला ती महाराष्ट्रातल्या सर्व मागास प्रवर्गांना, ईडब्ल्यूएसला (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना) आणि दिव्यांगांना मिळते. म्हणजे ४७ टक्के मिळवलेला ओबीसी विद्यार्थी सीईटीला पात्र ठरतो, कॅटला नाही.

टक्केवारी विद्यापीठाच्या नियमानेच काढायची. निकाल सीजीपीएमध्ये असेल तर विद्यापीठाचं रूपांतराचं सूत्र वापरायचं. विद्यापीठाचं सूत्रच नसेल तर कॅटसाठी मिळालेल्या सीजीपीएला कमाल सीजीपीएने भागून शंभराने गुणायचं.

जातीचे दाखले

सीईटीनंतरच्या प्रवेशासाठी राज्याच्या नमुन्यातले दाखले चालतात: जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि अनुसूचित जाती-जमाती सोडून इतर मागास प्रवर्गांना नॉन-क्रीमी लेयर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला. कॅटसाठी मात्र ओबीसीचं प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या नमुन्यात हवं आणि जात केंद्राच्या यादीत हवी. राज्यात विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग असे वेगळे गट आहेत. कॅटच्या अर्जात हे रकाने नाहीत. आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का, हे आधी तपासा. असेल तर तिथे ओबीसी म्हणून अर्ज करता येतो. राज्याचं एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आरक्षण कॅटला लागू नाही. अशा उमेदवाराने केंद्राच्या ईडब्ल्यूएसच्या अटी पूर्ण होत असतील तर ते प्रमाणपत्र काढावं, नाहीतर खुल्या प्रवर्गातून अर्ज करावा.

केंद्राच्या ईडब्ल्यूएससाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपेक्षा कमी असणं पुरेसं नाही. पाच एकर किंवा जास्त शेतजमीन असेल, किंवा एक हजार चौरस फूट वा त्याहून मोठा फ्लॅट असेल, तर उत्पन्न कितीही कमी असलं तरी प्रमाणपत्र मिळत नाही. शेतकरी कुटुंबातली मुलं इथेच अडकतात, म्हणून तहसील कार्यालयात जाण्याआधी सातबारा आणि आठ-अ बघून घ्या.

नॉन-क्रीमी लेयरच्या दाखल्यावर तो किती तारखेपर्यंत वैध आहे ते लिहिलेलं असतं आणि ती तारीख ३१ मार्च असते. सीईटीचा अर्ज भरताना वैध असलेला दाखला प्रवेश फेऱ्या येईपर्यंत संपलेला असू शकतो. प्रवेशाला लागतो तो ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा, त्याच्या पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेला दाखला. घरी फाइलमध्ये 'आहे की' म्हणून ठेवलेला दाखला एकदा काढून ती ओळ वाचा.

सगळ्यात जास्त वेळ जात वैधतेला लागतो. जिल्हा पडताळणी समिती वडील, आजोबा, चुलते यांच्या शाळेच्या नोंदी, वंशावळ आणि शपथपत्र बघते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा भक्कम मानला जातो. आजोबांच्या शाळेतला प्रवेश-निर्गम उतारा गावाहून आणायचा असेल तर ते काम पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच हाती घ्या. त्याला नंतर घाई करता येत नाही.

कॅटचा अर्ज भरताना

नोंदणी साधारण ऑगस्टमध्ये सुरू होऊन सप्टेंबरमध्ये संपते. कॅट २०२५ साठी शुल्क २,६०० रुपये होतं, अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांगांना १,३००. ओबीसी आणि ईडब्ल्यूएसला शुल्कात सवलत नव्हती. नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे लिहा. कामाचा अनुभव भरताना पदवीनंतरची पूर्णवेळ नोकरीच धरा, इंटर्नशिप नाही. अर्ज पाठवल्यावर दुरुस्तीची जी छोटी मुदत मिळते त्यात फोटो, सही आणि परीक्षेचं शहर एवढंच बदलता येतं. प्रवर्ग चुकला तर तो तसाच राहतो, म्हणून पैसे भरण्याआधी ते पान दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्या.

सीईटी झाली म्हणजे अर्ज संपला, असं नाही

सीईटीचा अर्ज हा फक्त परीक्षेचा अर्ज असतो. निकालानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी, म्हणजे कॅपसाठी, नव्याने नोंदणी करावी लागते आणि तिचं शुल्क वेगळं भरावं लागतं. चांगले पर्सेंटाइल मिळवूनही काही जण ही नोंदणीच करत नाहीत. 'नंबर लागेल तेव्हा कळवतील' हा समज त्यांना महागात पडतो.

नोंदणीसोबत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, वय-अधिवास-राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र आणि प्रवर्गाचे दाखले अपलोड करायचे. पडताळणी ऑनलाइन होते किंवा सुविधा केंद्रावर जाऊन करता येते. ऑनलाइन निवडली तर लॉगिन रोज उघडा. दाखला अस्पष्ट असेल, पानाची मागची बाजू राहिली असेल किंवा नावात फरक असेल, तर अर्ज शेरा मारून परत येतो. तो मुदतीत दुरुस्त करून पुन्हा पाठवला नाही तर नाव गुणवत्ता यादीत येत नाही. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत जोडा.

मग तात्पुरती गुणवत्ता यादी लागते. तिच्यात गुण नंतर बघा, आधी प्रवर्ग आणि उमेदवारीचा प्रकार (महाराष्ट्रातले की बाहेरचे) तपासा. कागद कमी पडल्यामुळे नाव खुल्या प्रवर्गात टाकलं गेलं असेल तर तक्रार नोंदवायला मिळतात ते हेच मोजके दिवस. अंतिम यादीनंतर पसंतीक्रम भरायचा आणि तो पक्का करायचा. जागा मिळाल्यावर ती ऑनलाइन स्वीकारून, शुल्क भरून, मूळ कागदपत्रांसह दिलेल्या वेळेत महाविद्यालयात हजर व्हायचं. मूळ शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला दुसऱ्या संस्थेत अडकलेला असेल तर तो आदल्या आठवड्यातच सोडवून आणा.