कोलोनोस्कोपी

गुदद्वारातून लवचीक नळी सरकवत मलाशयापासून अंधनालापर्यंतचे (मोठ्या आतड्याची लहान आतड्याकडील सुरुवात) मोठे आतडे आतून पाहण्याची तपासणी. बोलीत ‘दुर्बिणीची तपासणी’. मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते. नळी साधारण 12–13 मिमी. जाड असून तिच्या टोकाशी दिवा व कॅमेरा असतो. आतल्या पोकळ वाटेने पाणी सोडता येते, द्रव ओढून घेता येतो आणि चिमटा घालून तपासणीसाठी अस्तराचा तुकडा किंवा तारेचा फासा टाकून पॉलिप (अस्तरावरची मांसल गाठ) काढता येतो. अंधनालातले आंत्रपुच्छाचे (अपेंडिक्सचे) तोंड दिसले की तपासणी पूर्ण झाली असे धरतात. खरे निरीक्षण मात्र नळी मागे घेताना होते, आणि त्याला किमान 6 मिनिटे द्यावीत असा संकेत आहे.

इतिहास : पहिली कोलोनोस्कोपी कोणाची, याबद्दल एकमत नाही. तंतुप्रकाशकीवर (काचेच्या बारीक तंतूंतून प्रकाश व प्रतिमा नेण्याच्या तंत्रावर) चालणारा जठरदर्शक बेसिल हर्शोविट्झ यांनी 1957 मध्ये वापरात आणला. मोठ्या आतड्याची वळणे मात्र त्या तंत्राला लगेच साधली नाहीत. जपानमध्ये त्याच सुमारास आतड्याच्या खालच्या भागासाठी कॅमेऱ्याचे प्रयोग चालू होते. अमेरिकेत बर्गीन ओव्हरहोल्ट यांनी 1963 च्या सुमारास लवचीक सिग्मॉइडदर्शक (मलाशयाच्या वरचा वळणदार भाग पाहणारी नळी) वापरला. त्याची धाव डाव्या बाजूपुरतीच होती. सार्डिनियात प्रोव्हेंझाले व रेव्हिग्नास यांनी 1965 च्या सुमारास वेगळीच युक्ती केली. रुग्णाला बारीक नळी गिळायला देऊन ती गुदद्वारातून बाहेर येईपर्यंत थांबायचे, मग तिच्या टोकाला दर्शक बांधून तो वर ओढत अंधनालापर्यंत न्यायचा. केवळ ‘पूर्ण आतडे प्रथम पाहिले’ एवढाच निकष लावला तर मान त्यांच्याकडे जातो. पण ती पद्धत रुजली नाही. आज रूढ असलेली, पाहता पाहता उपचारही करणारी तपासणी न्यूयॉर्कमधील विल्यम वोल्फ व हिरोमी शिन्या यांच्या 1969 पासूनच्या कामातून घडली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पोट न उघडता पॉलिप काढण्याचा त्यांचा अनुभव 1973 मध्ये प्रसिद्ध झाला. 1980 च्या दशकात व्हिडिओ दर्शक आले.

पूर्वतयारी : तपासणीचे निम्मे यश इथेच ठरते. आदले एक-दोन दिवस चोथा व बिया वर्ज्य. मराठवाड्यातल्या रोजच्या ताटाकडे पाहिले तर ज्वारीची भाकरी, वांगे, पेरू आणि कारळ, तीळ, जवस, शेंगदाणा यांच्या चटण्या बाजूला ठेवाव्या लागतात. मऊ भात व पातळ वरण चालते. बिया पचत नाहीत, आतड्याच्या घड्यांत बसतात आणि द्रव ओढणारी वाट तुंबवतात. लोहाच्या गोळ्या काही दिवस आधी थांबवतात, कारण त्यांनी मळ काळा व चिकट होतो. रक्त पातळ करणाऱ्या व मधुमेहाच्या गोळ्यांचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा असतो. पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे 2 ते 4 लिटर द्रावण निम्मे आदल्या संध्याकाळी व निम्मे तपासणीच्या 4 ते 6 तास आधी घेतल्यास आतडे सर्वांत स्वच्छ होते. घरगुती एरंडेल त्याला पर्याय नाही. किनवट-माहूरकडून सकाळी नांदेडला पोहोचणाऱ्या रुग्णाला दुसरा निम्मा डोस एसटीत बसून घेणे अशक्यच. त्याने आदल्या रात्री रुग्णालयात किंवा जवळपास मुक्काम करावा. टँकरवर भागवणाऱ्या गावांत उन्हाळ्यात संडासाला लागणारे पाणी हाही प्रश्न असतो, आणि तपासणी लिहून देणाऱ्याने तो आवर्जून विचारला पाहिजे. शेवटी शौचाला पिवळसर, निवळ पाणी येऊ लागले की तयारी झाली.

कोणासाठी : शौचावाटे रक्त, कारण न सापडणारा रक्तक्षय, शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, घटलेले वजन ही मुख्य कारणे. आपल्याकडे रक्त दिसले की मूळव्याध समजून महिनोन्महिने मलम व काढे चालतात, त्यात मलाशयाचा कर्करोग पुढे सरकतो. मूळव्याध खरोखर असली तरी तिच्या वर दुसरे काही नाही, हे पाहावे लागते.

भारतात आणखी एक पेच येतो. लघ्वांत्राच्या (लहान आतड्याच्या) टोकाशी व्रण दिसले तर तो आतड्याचा क्षय की क्रोन रोग (आतड्याचा दीर्घकाळ चालणारा दाह)? आडवे व्रण आणि लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यावरची उघडी पडलेली झडप क्षयाकडे बोट दाखवतात. लांबट व्रण व बऱ्याच भागांत विखुरलेला रोग क्रोनकडे. छातीचा एक्स-रे स्वच्छ असला म्हणून क्षय नाकारता येत नाही. तुकड्याच्या तपासणीतही उत्तर मिळाले नाही तर अनेकदा क्षयाची औषधे सुरू करून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करतात. व्रण भरले असतील तर निदान क्षयाच्या बाजूने जाते.

चाळणी तपासणी : अमेरिकेत 2021 पासून लक्षणे नसलेल्यांनाही 45 व्या वर्षापासून तपासणी सुचवतात. युरोपातील मोठ्या चाचणीत (2022) नुसते निमंत्रण दिलेल्या गटात दहा वर्षांत कर्करोग 18 टक्क्यांनी कमी आढळला. पण निमंत्रितांपैकी सुमारे 42 टक्केच आले होते, त्यामुळे या आकड्याच्या अर्थावर वाद आहे. बार्शीसह भूम व परांडा तालुके सामावणाऱ्या, 1987 मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण कमी आढळते. त्यामुळे सरसकट चाळणीपेक्षा लक्षणे असलेल्यांना आणि आई-वडील वा भावंडांत हा रोग असलेल्यांना वेळेवर तपासणे इथे अधिक सयुक्तिक ठरते.

धोके : आतड्याला छिद्र पडणे हजारात एकाहूनही कमी वेळा घडते. पॉलिप काढलेल्या जागी दोन आठवड्यांपर्यंत रक्तस्राव होऊ शकतो. पोट ताठरले, ताप आला किंवा पुन्हा रक्त पडले तर गावातल्या दवाखान्यात वाट न पाहता शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे, आणि तपासणीचा कागद बरोबर न्यावा.