ऐच्छिक ऊर्जा करार: घोडं अडतं ते आधारवर्षावर

उद्योगांनी ऊर्जाबचतीचं लेखी वचन द्यायचं आणि सरकारने त्या बदल्यात नव्या सक्तीपासून हात आखडता घ्यायचा, ही पद्धत रुळली ती नेदरलँड्समध्ये, १९९२ पासून. १९८९ च्या तुलनेत २००० पर्यंत कार्यक्षमता २० टक्क्यांनी वाढवायची होती. वाढ २२ टक्क्यांच्या वर गेली. प्रत्येक कारखाना दरवर्षी हिशेब द्यायचा. तेवढ्याच मालाला १९८९ च्या पद्धतीने किती ऊर्जा लागली असती आणि प्रत्यक्षात किती लागली, एवढाच तो हिशेब. जाहीर मात्र पूर्ण क्षेत्राचे एकत्रित आकडे व्हायचे. मागे पडलेला कारखाना त्या बेरजेत सहज लपायचा.

खरा वाद पेटला जर्मनीत. १९९५ मध्ये उद्योगांनी कार्बन उत्सर्जन घटवण्याची घोषणा केली, तेव्हा आधारवर्ष, म्हणजे ज्या वर्षाशी घट ताडून पाहायची ते वर्ष, होतं १९८७. टीका झाल्यावर १९९६ मध्ये सुधारित घोषणा आली: १९९० हे आधारवर्ष, २००५ पर्यंत २० टक्के घट. दिसायला हे कडक. पण १९९० च्या आकड्यात पूर्व जर्मनीचे जुनाट, लिग्नाइटवर (हलक्या प्रतीच्या कोळशावर) चालणारे कारखाने धरलेले होते आणि घोषणेपर्यंत त्यांतले बरेच बंदही पडले होते. म्हणजे शर्यत सुरू होण्याआधीच बरंचसं अंतर कापून झालेलं. नव्या यंत्रांवर आम्हीही पैसा ओतला, हे उद्योगांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण बंद पडलेल्या भट्टीचं श्रेय कराराला कसं द्यायचं? एवढ्यावर सरकारने मात्र टाकाऊ उष्णतेच्या वापराची सक्ती करणारा नियोजित नियम बाजूला ठेवला. सौदा उद्योगांना स्वस्तात पडला, असंच म्हणावं लागेल.

ब्रिटनने २००१ मध्ये ऊर्जेवर कर बसवला आणि करार पाळणाऱ्यांना त्यात ८० टक्के सूट दिली. पहिल्याच तपासणीत उद्दिष्टं भरपूर ओलांडलेली निघाली. त्यात पोलाद उत्पादनातल्या घटीचा वाटा मोठा होता, म्हणजे मुद्दा फिरून तिथेच. तरी सूट जाण्याची भीती असल्यामुळे इथे मीटरच्या नोंदी गांभीर्याने ठेवल्या गेल्या.

चीनने डच नमुना पाहून २००३ मध्ये शांडोंग प्रांतातल्या दोन पोलाद कारखान्यांशी करार केले. २००६ मध्ये सुमारे हजार उद्योगांना कराराखाली आणलं, तेव्हा स्वेच्छा नावापुरतीच उरली.

नेदरलँड्समधले करार २०२० मध्ये संपले. त्याआधीच, २०१९ पासून, पाच वर्षांत खर्च वसूल होणाऱ्या बचतीच्या कोणत्या उपाययोजना केल्या, हे सरकारला कळवणं तिथल्या बऱ्याच आस्थापनांना कायद्याने बंधनकारक झालं होतं.