जावाएक्सचं जकार्ता कसं झालं

नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या ऑफिसात आम्ही द्राक्ष निर्यातदारांचं सॉफ्टवेअर सांभाळतो. कुठल्या बागेतला माल कुठल्या पॅकहाऊसला आला, कुठल्या कंटेनरमध्ये भरला, रेसिड्यू टेस्टचा (फळावर राहिलेल्या औषधांच्या तपासणीचा) रिपोर्ट काय, अशा सगळ्या नोंदी त्यात असतात. जानेवारी ते एप्रिल, हंगाम चालू असताना त्याला हात लावायचा नाही हा आमचा नियम. म्हणून जावा ८ वरून जावा १७ आणि स्प्रिंग बूट ३ वर जायचं काम पावसाळ्यात काढलं. जावा ही प्रोग्रामिंगची भाषा, स्प्रिंग बूट हा तिच्यासाठीचा तयार सांगाडा.

पहिल्याच बिल्डला, म्हणजे सगळा कोड एकत्र बांधायला गेल्यावर, शंभर एरर आले. दिवसभर बसून पंचवीसेक सोडवले, पुन्हा बिल्ड लावला, तरी शंभरच. टीममधली नवीन मुलगी रडकुंडीला आली होती. खरं तर तिचं काही चुकलं नव्हतं. जावाचा कंपायलर, म्हणजे कोड यंत्राला चालेल अशा रूपात बदलणारा प्रोग्राम, एरवी पहिले शंभरच एरर दाखवतो. ती मर्यादा वाढवली तेव्हा खरा आकडा दिसला आणि बहुतेक ओळी एकच गोष्ट सांगताहेत हेही दिसलं: 'जावाएक्स'ने (javax) सुरू होणारं पॅकेज, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, अस्तित्वात नाही.

हे पॅकेज गेलं कुठे, याचं उत्तर आमच्या कोडमध्ये नव्हतंच. जावा बनवणारी सन कंपनी जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलकडे गेली आणि तिच्याबरोबर जावाची सगळी नावंही. २०१७ मध्ये ओरॅकलने जावा ईई, म्हणजे मोठ्या सर्व्हर ॲप्लिकेशनसाठीचा भाग, एक्लिप्स फाउंडेशन या ओपन सोर्स संस्थेच्या स्वाधीन करायचं ठरवलं. कोड दिला, पण 'जावा' हे नाव दिलं नाही. २०१८ मध्ये 'जकार्ता ईई' हे नवं नाव ठरलं. पॅकेजच्या नावांचं काय करायचं यावर बरीच बोलणी झाली, ती फिसकटली आणि मे २०१९ मध्ये जाहीर झालं की जावाएक्स पॅकेजांमध्ये फाउंडेशनला यापुढे बदल करता येणार नाहीत. पुढे जायचं तर नाव बदलणं भाग होतं. डिसेंबर २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये मुख्य काम तेवढंच झालं: जावाएक्सच्या जागी जकार्ता. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्प्रिंग बूट ३ ने ते स्वीकारलं आणि किमान जावा १७ ची अटही घातली. ट्रेडमार्कचा हा वाद आमच्या स्क्रीनवर पोचायला इतकी वर्षं लागली.

इथे एक खड्डा आहे आणि आम्ही त्यात पडलो. एका सहकाऱ्याने सगळ्या प्रोजेक्टमध्ये जावाएक्स शोधून सरसकट जकार्ता केलं. एरर कमी झाले, पण नवे उगवले. कारण डेटाबेस कनेक्शनचं जावाएक्स डॉट एसक्यूएल, एन्क्रिप्शनचं जावाएक्स डॉट क्रिप्टो ही मूळ जावाचीच पॅकेजं आहेत. ती ओरॅकलने कुणाला दिली नव्हती, म्हणून त्यांची नावं जुनीच राहिली. हा इतिहास आधी माहीत असता तर एक अख्खा दिवस वाचला असता.

बाकीच्या एररचं मूळ वेगळंच. सप्टेंबर २०१७ च्या जावा ९ मध्ये मॉड्यूल, म्हणजे कोडचे बंदिस्त कप्पे, आले आणि जावाच्या आतल्या खोल्यांना दारं बसली. मार्च २०२१ च्या जावा १६ पासून ती एरवी बंदच असतात. लॉम्बोक (नेहमीचा कोड आपोआप तयार करणारी लायब्ररी) कंपायलरच्या आत शिरून काम करतं, त्यामुळे त्याची जुनी आवृत्ती तिथेच अडते आणि गेटर-सेटर (माहिती वाचणारी आणि भरणारी छोटी फंक्शनं) तयार झाले नाहीत की 'सिम्बॉल सापडत नाही' अशा ओळींची रांग लागते. ती रांग सोडवत बसू नये, लॉम्बोकची आवृत्ती बदलावी. एक्सएमएल वाचणारं जॅक्सबी तर २०१८ च्या जावा ११ मधून काढूनच टाकलंय; ते आता मेव्हन या बिल्ड चालवणाऱ्या साधनाच्या पॉम फाइलमध्ये वेगळं लिहावं लागतं.

हे कळल्यावर आम्ही सगळं मागे घेतलं आणि एकेका टप्प्याने गेलो. आधी स्प्रिंग बूट २.७, मग जावा ११, मग जावा १७, आणि प्रत्येक टप्प्यावर बिल्ड हिरवा झाल्याशिवाय पुढे पाऊल नाही. जकार्ता सगळ्यात शेवटी. बिल्ड पास झाल्यावरही एक एरर उरला होता, तो सर्व्हर चालू केल्यावर दिसला: रिपोर्ट छापणारी एक जुनी लायब्ररी अजून जावाएक्सचं सर्व्हलेट (वेबवरून आलेल्या विनंत्या हाताळणारं पॅकेज) शोधत होती. तिची जकार्तासाठी बांधलेली आवृत्ती मिळाली आणि ऑक्टोबर छाटणी सुरू व्हायच्या आत पॅकहाऊसच्या पावत्या नव्या सिस्टिमवरून निघू लागल्या.