पांढरं जाणं म्हणजे हाडं झिजणं नव्हे

गरोदरपणात अंगावरून पांढरं जायला लागलं की घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, उष्णता झालीये, हाडं झिजतायत, तांदळाचं धुवण पी. हाडांचा यात काहीएक संबंध नाही हो! दिवस गेल्यावर स्राव वाढतोच, पातळ, पांढरट, वास नसलेला असेल तर नॉर्मल आहे.

पण करडा, मासळीसारखा वास येणारा, किंवा दह्याच्या कवड्यांसारखा आणि सोबत खाज, किंवा हिरवट-पिवळा फेसाळ, तर ते इन्फेक्शन असू शकतं, लाजून धुवण पीत बसू नका, डॉक्टरांना सांगा. तपासणी साधी असते, कापसाच्या काडीने स्राव घेऊन काचेवर पसरवून मायक्रोस्कोपखाली बघतात.

आता उलटी अफवा, की सगळ्यांनी ही टेस्ट करून गोळ्या घेतल्या की बाळ ३७ आठवड्यांच्या आधी होतच नाही. व्हिएन्नातल्या २००४ च्या अभ्यासात १५ ते १९ आठवड्यांत तपासून उपचार केले तर वेळेआधीच्या बाळंतपणाचं प्रमाण ५.३ वरून ३ टक्क्यांवर आलं होतं खरं, पण फ्रान्समधल्या २०१८ च्या मोठ्या चाचणीत वेळेआधी बाळंत होण्याचा धोका कमी असलेल्या बायकांना बॅक्टेरियल व्हजायनोसिससाठी (योनीतल्या जंतूंचा तोल बिघडणं, करडा, मासळीच्या वासाचा स्राव यातलाच) क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक देऊन काही फरक पडला नाही. अमेरिकेतली तज्ज्ञ समितीही २०२० च्या शिफारशीत त्रास नसलेल्या, कमी धोक्याच्या बायकांना या व्हजायनोसिससाठी सरसकट तपासू नका म्हणते. आधी बाळ लवकर झालं असेल तर मात्र पहिल्याच व्हिजिटला सांगा, आणि मेडिकलवाल्याकडून परस्पर क्रीम आणू नका.