पुसलेल्या टेपा: बीबीसीचे जुने फुटबॉल आणि ‘डॉक्टर हू’ गेले कुठे?

साठच्या दशकातल्या ब्रिटिश फुटबॉलप्रेमीचा शनिवार बराचसा ठरलेला असे. दुपारी तीनला सामना, संध्याकाळी ‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची विज्ञानकथा मालिका, आणि पुढे ‘मॅच ऑफ द डे’ सुरू झाल्यावर त्यात दिवसाच्या सामन्यातले निवडक क्षण. आज हेच चाहते जुन्या चित्रणांचा माग काढतात, तेव्हा त्यांच्यासमोर पहिला प्रश्न येतो: इतके काही नाहीसे झाले तरी कसे?

‘मॅच ऑफ द डे’चा पहिला कार्यक्रम २२ ऑगस्ट १९६४ रोजी बीबीसी २ वर झाला. अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलने आर्सेनलला ३-२ असे हरवले. मैदानात ४७ हजारांहून अधिक लोक होते, तर टीव्हीसमोर अंदाजे २० हजार. कारण तांत्रिक होते. एप्रिलमध्ये सुरू झालेली बीबीसी २ ही ६२५ रेषांची (म्हणजे चित्र ६२५ आडव्या रेषांत उभे करणारी) वाहिनी होती, तिच्यासाठी वेगळा संच लागे आणि ती तेव्हा फक्त लंडन परिसरात दिसे.

त्या काळची चित्रफीत दोन इंच रुंद असे. ती सेकंदाला सुमारे १५.६ इंच वेगाने धावे, म्हणजे तासाभराच्या चित्रणाला साधारण ४,७०० फूट टेप. ती महाग होती, पण पुसून पुन्हा वापरता येत असे. बीबीसीत टेपा अभियांत्रिकी विभागाच्या ताब्यात आणि फिल्म ग्रंथालयाची जबाबदारी फक्त फिल्मची. टेपेवरचा कार्यक्रम जपायचा की नाही, हे ठरवणारे कोणीच नव्हते. माझ्या मते खरा दोष इथेच आहे. पुसणाऱ्या तंत्रज्ञांना बोल लावण्यात अर्थ नाही. भर घातली ती पुनःप्रक्षेपणावर मर्यादा आणणाऱ्या कलाकार संघटनेच्या करारांनी. घरी कॅसेट पाहण्याची सोय नव्हती, आणि १९६७ ते ६९ दरम्यान रंगीत प्रक्षेपण आल्यावर कृष्णधवल टेपांना गिऱ्हाईकच उरले नाही. निकाल सगळ्यांना ठाऊक असलेल्या सामन्याची टेप राखून ठेवण्याचे कारण तर आणखीच कमी. ‘डॅड्‌स आर्मी’ या विनोदी मालिकेच्या दुसऱ्या पर्वातले तीन भाग असेच हरवले.

मग जे उरले ते कसे उरले? परदेशी विक्रीमुळे. त्यासाठी कार्यक्रम सपाट पडद्याच्या खास मॉनिटरवर लावून त्यासमोरच्या १६ मिमी कॅमेऱ्याने सेकंदाला २५ चौकटी या वेगाने फिल्म काढत. २५ मिनिटांच्या भागाला सुमारे ९४० फूट लागत. ही प्रत एका देशातून दुसऱ्या देशात फिरे. हक्कांची मुदत संपली की ती परत पाठवायची किंवा नष्ट करायची, असा नियम होता. तो जिथे पाळला गेला नाही, तिथेच खजिना सापडला. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जॉस शहरातून आलेले ‘डॉक्टर हू’चे नऊ भाग जाहीर झाले. तरी पहिल्या सहा वर्षांच्या २५३ भागांपैकी बरेच अजून बेपत्ता आहेत. १९६४ च्या ‘मार्को पोलो’चे सातही भाग गेलेले आहेत, त्यातल्या बहुतेकांचे दिग्दर्शक लखनौत जन्मलेले वारिस हुसेन. सुदैवाने ध्वनी सगळ्या भागांचा आहे, कारण घरोघरचे चाहते स्पीकरजवळ मायक्रोफोन धरून रेकॉर्ड करत. जॉन क्युरा हे छायाचित्रकार चालू पडद्याचे फोटो काढून विकत, एका भागाचे साधारण ६० ते ७०. १९७८ मध्ये बीबीसीने जतनाचे धोरण आखले आणि संग्रहात काय ठेवायचे ते निवडायला सू माल्डन आल्या, तेव्हा नाश थांबला.

फिल्मवरच्या प्रतीचे तोटेही समजून घ्यावेत. टीव्ही सेकंदाला ५० अर्धचित्रे दाखवे; प्रत्येकात चित्राच्या एकाआड एक रेषा. फिल्मवर २५ चौकटीच येतात, त्यामुळे चेंडूची धाव अडखळती दिसते. काही पद्धतींत एक अर्धचित्र टाकूनच दिले जाई, म्हणजे उभ्या दिशेचा निम्मा तपशील जाई. आता मधली चित्रे संगणकाने तयार करून मूळचा ओघ परत आणतात. रंगाची गोष्ट तर विलक्षण आहे. रंगीत संकेताची बारीक ठिपकेदार जाळी गाळणी न लावता कृष्णधवल फिल्मवर उतरली असेल, तर त्या ठिपक्यांतून रंग परत मिळवता येतो. २००८ मध्ये ‘डॅड्‌स आर्मी’चा ‘रूम ॲट द बॉटम’ हा भाग असाच पुन्हा रंगीत झाला.

जुन्या फिल्मचा डबा हाती लागलाच, तर आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास म्हणजे अ‍ॅसिटेट फिल्म विघटत आहे; ती आकसते आणि कडेची छिद्रे प्रोजेक्टरच्या दात्यांशी जुळत नाहीत. हौसेने एकदा चालवली की फाटते. ती इतर डब्यांपासून वेगळी, थंड आणि कोरड्या जागी ठेवा, डब्यावरची जुनी लेबले काढू नका आणि स्कॅनिंगसाठी चित्रपट संग्रहालयाकडेच द्या.